पावसाळ्यातली ट्रॅपची तयारी: घरच्या भिंतीपासून पंचवीस क्लेंपर्यंत

ट्रॅप म्हणजे खंदकातून उडवलेली बशी, म्हणजे क्ले, हवेतच छर्ऱ्याच्या बंदुकीने (शॉटगनने) फोडण्याचा नेमबाजीचा खेळ. गोव्यात राहून ट्रॅप खेळणाऱ्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. चवथ उलटून आभाळ मोकळं होईपर्यंत बाहेर बार काढायची संधी कमीच. पण या चार महिन्यांत घरात जे काम होतं, तेच पुढे रेंजवर दिसतं. क्ले चुकतात त्यामागे नजर कमी पडणं क्वचित असतं. बंदूक दर वेळी गालाला आणि खांद्याला एकाच जागी लागत नाही, हे कारण फार मोठं. ती जागा पक्की करायला एकही काडतूस लागत नाही. म्हणून इथे तयारी ज्या क्रमाने केली जाते त्याच क्रमाने लिहितो आहे: आधी बंदुकीचं माप, मग भिंतीसमोरचा सराव, मग कागदावरची परीक्षा आणि शेवटी रेंज.

सत्तरी, सांगे, डिचोली भागात कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, राखणीसाठी बाराबोरी बंदूक घरात असणं नवं नाही. ट्रॅपची बंदूकही बाराच बोअरची. फरक असा, की राखणीच्या दोननळीत नळ्या शेजारी शेजारी असतात, ट्रॅपच्या बंदुकीत एकीवर एक. त्यामुळे नेम धरताना डोळ्यापुढे एकच अरुंद पट्टी येते आणि चुकीची जागा लगेच कळते. नळी बहुधा ७६ सेंटीमीटर, म्हणजे ३० इंच, किंवा ८१ सेंटीमीटर, म्हणजे ३२ इंच. बंदुकीचं वजन साडेतीन किलोच्या पुढे. हे वजन जाच नव्हे. क्लेमागे बंदुकीचा झोक सुरू झाल्यावर तो मध्येच थांबू नये म्हणून ते हवंच.

क्ले म्हणजे डांबरासारखा पिच आणि चुनखडीची भुकटी यांची साच्यात काढलेली बशी. व्यास ११० मिलिमीटर, जाडी २५ मिलिमीटरच्या आसपास, वजन १०५ ग्रॅम. ऑलिम्पिक ट्रॅपमध्ये नेमबाजाच्या पुढे १५ मीटरवर खंदक असतो, त्यात तीन-तीनच्या पाच गटांत १५ यंत्रं. प्रत्येक उभं राहण्याच्या जागेसमोर तिघांचा एक गट. डावं यंत्र उजवीकडे फेकतं, उजवं डावीकडे, मधलं साधारण सरळ. पंचवीसच्या फेरीत प्रत्येकाला १० क्ले डावीकडे, १० उजवीकडे आणि ५ सरळ मिळतात. क्रम मात्र माहीत नसतो. क्ले ७६ मीटरपर्यंत जाण्याच्या वेगाने सुटते. स्कीटमध्ये दोन बाजूंना दोन घरं, एक उंच, एक ठेंगणं, आणि क्ले समोरून आडवी जाते. त्याचा सराव निराळा, त्यामुळे इथे त्यात शिरत नाही. डबल ट्रॅप, ज्यात राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्य जिंकलं, तो प्रकार २०१६ नंतर ऑलिम्पिकमधून गेला. ट्रॅपचा आपला वारसा त्याहून जुना: बिकानेरचे करणीसिंह १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदकापर्यंत पोचले होते आणि मानवजितसिंग संधू २००६ साली जगज्जेते झाले.

परवान्याबद्दल थोडक्यात. अर्ज ए-१ नमुन्यात, आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. सोबत शस्त्रसुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पुढे पोलीस चौकशी. परवान्यावर वापराचा हेतू, काडतुसांची मर्यादा आणि तो कुठवर चालतो ते क्षेत्र लिहिलेलं असतं. या तिन्ही ओळी परवाना हातात पडताच वाचाव्यात. क्षेत्र फक्त गोव्यापुरतं असेल तर पत्रादेवी ओलांडण्याआधी ते वाढवून घ्यावं लागतं. राखणीसाठी मिळालेला परवाना आणि खेळासाठीचा परवाना एकच समजू नये. निवडणुकीच्या काळात हत्यार पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो. नेमबाज म्हणून सूट हवी असेल तर संघटनेचं सदस्यत्व आणि स्पर्धेचे कागद आधीपासून हाताशी हवेत. आणि कुळागरात किंवा काजूच्या बागेत क्ले उडवून पाहायचा मोह अजिबात नको. साडेसात नंबरचा छर्रा वर कोन धरून सुटला तर दोनशे मीटरच्या आसपास जातो, आणि मागे उरतं ते शिसं विहिरीच्या पाणलोटात मुरतं. आपली बंदूक नसेल तर परवानाधारक क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सुरुवात करावी. ते जास्त शहाणपणाचंही आहे, कारण स्वतःचं माप कळण्याआधी बंदूक विकत घेणं हा सर्वांत महागडा घोटाळा.

माप घेण्याआधी हुकमी डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून पंज्यांमध्ये छोटं भोक ठेवा, त्यातून लांबची एक वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते तो हुकमी. उजव्या खांद्यावर बंदूक घेणाऱ्याचा डावा डोळा हुकमी निघाला, तर बार सातत्याने डावीकडे जातात आणि माणूस महिनोन्‌महिने पायांची ठेवण बदलत बसतो. उपाय दोन: डाव्या खांद्यावर शिकणं किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर, बाहुलीसमोर, नखाएवढी धुरकट चिकटपट्टी लावणं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आम्ही खांदा बदलायलाच सांगतो. चाळिशीच्या माणसाला पट्टी.

दस्त्याची लांबी, म्हणजे चापापासून मागच्या रबरी गादीपर्यंतचं अंतर. सरासरी उंचीच्या माणसाला ३६ ते ३७ सेंटीमीटर. ढोबळ खूण अशी: बंदूक नीट लावल्यावर नाकाचं टोक आणि चापाच्या हाताचा अंगठा यांत दोन ते तीन बोटांचं अंतर राहावं. कमी राहिलं तर धक्क्याबरोबर अंगठा नाकावर येतो. जास्त राहिलं तर गादी काखेत अडकते आणि बंदूक खांद्याऐवजी दंडावर बसते. गोव्यात उन्हाळ्यात पातळ टी-शर्टवर माप घेतलेलं असतं आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला तीच बंदूक जाड स्वेटर आणि जाकिटावर लावायची वेळ येते. तिथे एक सेंटीमीटर लांबी जास्त वाटते. त्यासाठी थोडी पातळ गादी सोबत नेणं सोपं.

गालाखालची कड, जिला सगळे कोंब म्हणतात, ती लांबीहून महत्त्वाची. शॉटगनला मागचा नेम नसतो. मागचा नेम म्हणजे आपला डोळा. कोंब एक मिलिमीटर वर केला तर डोळा एक मिलिमीटर वर जातो. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचं अंतर साधारण एक मीटर, म्हणून ३५ मीटरवर बार सुमारे साडेतीन सेंटीमीटर वर लागतो. हे गणित डोक्यात असलं की कोंब अंदाजाने खालीवर करायचा मोह होत नाही. ट्रॅपची क्ले चढत असते, त्यामुळे बंदूक थोडी वर मारणारी हवी. आमच्या मते सुरुवातीला साठ-चाळीस पुरे, म्हणजे साठ टक्के छर्रे नेमाच्या वर, चाळीस खाली, आणि छर्ऱ्यांच्या वर्तुळाचा मध्य नेमाच्या सुमारे साडेसात सेंटीमीटर वर. मग क्लेला नळीवरच्या पट्टीच्या वर तरंगत ठेवूनच चाप ओढता येतो, ती नळीआड जात नाही. सत्तर-तीसची बंदूक ज्याला झेपते त्याचा हात आधीच फार वेगवान असतो.

आता भिंत. सरावाच्या खोलीत खरं काडतूस असता कामा नये. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलुपात. बंदूक उघडून दोन्ही नळ्यांत बोट घालून पाहायचं, मग स्प्रिंग असलेली डमी काडतुसं घालायची. डमीशिवाय चाप ओढत राहिलं तर फायरिंग पिनला मार बसतो. हुकमी खांदा उजवा धरून सांगतो: डावा पाय अर्धं पाऊल पुढे, दोन्ही पायांत खांद्यांहून थोडं कमी अंतर, वजन किंचित पुढच्या पायावर, पुढचा गुडघा सैल. बंदूक उचलताना दोन्ही हात एकत्र चालले पाहिजेत. नवखे उजव्या हाताने दस्ता ओढून खांद्याला लावतात आणि मग मान खाली घालून गाल चिकटवतात. इथेच पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ आहे. दस्ता आधी गालाला भेटतो, त्याच क्षणी खांदा पुढे येऊन गादीला मिळतो. डोकं जिथे होतं तिथेच राहतं.

यासाठी एक स्वस्त युक्ती: पेन्सिल सेलवर चालणारी बारीक टॉर्च चिकटपट्टी गुंडाळून नळीच्या तोंडात घट्ट बसवायची आणि प्रकाश शक्य तितका बारीक करायचा. दिवा मालवून भिंत आणि छत मिळतात त्या रेषेचा एक कोपरा धरायचा. बंदूक खाली असतानाच प्रकाशाचा ठिपका कोपऱ्यावर, आणि ती वर येत असताना ठिपका तिथून हलता कामा नये. ठिपका वर उडाला तर डावा हात पुढे धावतोय. खाली गेला तर उजवा हात दस्ता लवकर उचलतोय. ठिपका जागच्या जागी राहू लागला की पुढची पायरी: बंदूक लावून ठिपका छताच्या रेषेवरून डावीकडून उजवीकडे आणि परत न्यायचा, तोही कंबरेतून वळून. हातांनी ढकलला की ठिपका रेषेखाली घसरतो, लगेच दिसतं. मध्ये कधीतरी चाप ओढायचा. ओढल्यावरही ठिपका चालत राहायला हवा. शेवटी डोळे मिटून बंदूक लावायची, मग उघडायचे. पट्टीचा पृष्ठभाग दिसतच नसेल तर डोकं खाली दबलंय. उतरंडीच्या रस्त्यासारखी लांबच लांब पट्टी दिसत असेल तर गाल वरच राहिलाय.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. हात थरथरू लागल्यावर केलेली प्रत्येक खेप चुकीची सवय घडवते, म्हणून तिथेच थांबायचं. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: काही बंदुकांत दुसऱ्या नळीचा चाप धक्क्यानेच सज्ज होतो. रिकाम्या सरावात दुसरी नळी चालत नाही म्हणून बंदूक बिघडली असं समजून ती खोलून बसू नये.

पावसाची उघडीप मिळाली की कागदाची परीक्षा. बरेच जण ती टाळतात, कारण त्यात क्ले फुटण्याची मजा नाही. पण ती केल्याशिवाय बंदूक कुठे मारते हे कोणालाच ठाऊक नसतं, चोकवर काय कोरलंय त्यावर विसंबू नये. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेली चिंचोळ. बाराबोरीच्या नळीचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. फुल चोक त्यात सुमारे एक मिलिमीटर आवळतो, पाऊण चोक पाऊण मिलिमीटर, अर्धा चोक अर्धा. ढोबळ अपेक्षा अशी, की साडेछत्तीस मीटरवर ७५ सेंटीमीटरच्या वर्तुळात फुल चोकचे ७० टक्के छर्रे पडावेत, पाऊणचे ६५, अर्ध्याचे ६०.

लागतं काय: सव्वा मीटर चौकोनी कागद, एका नळीला निदान पाच. मोजपट्टी, जाड मार्कर, साडेसदतीस सेंटीमीटरची दोरीची त्रिज्या-खूण, आणि कागदामागे पुठ्ठा. पुठ्ठा गोव्यात विसरून चालत नाही. दमट हवेत कागद तासाभरात ढिला पडून पोट काढतो आणि मोजणी फसते. नळीच्या तोंडापासून ३५ मीटर मोजायचे. आधी एकाच कागदावर मधल्या ठिपक्याकडे पाच बार, टेकू न घेता, रेंजवर उभे राहतो तसंच उभं राहून. टेकूवरून मारलं तर बंदुकीचं माप कळतं, माणसाचं नाही. पाच बारांचा मिळून जो दाट भाग होतो त्याचा मध्य ठिपक्याच्या किती वर आणि किती बाजूला, ते लिहून घ्यायचं. बाजूला असेल तर दस्त्याचा बाक किंवा हुकमी डोळा. उंचीत फरक असेल तर कोंब. दोन्ही एकदम बदलू नये.

मग प्रत्येक कागदावर एकच बार. दाट भागाभोवती ७५ सेंटीमीटरचं वर्तुळ काढून आतली भोकं मोजायची. एक काडतूस सुरक्षितपणे कापून त्यातले छर्रे मोजलेले असले की टक्केवारी निघते. २४ ग्रॅमच्या काडतुसात २.४ मिलिमीटरचे सुमारे ३०० छर्रे असतात. समजा वर्तुळात २०० पडले. वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस सेंटीमीटर. क्ले अगदी कडेने समोर आली तर तिचं क्षेत्रफळ ११ गुणिले अडीच, म्हणजे साडेसत्तावीस. सगळे छर्रे सारखे पसरले असते, तर त्या क्लेच्या वाट्याला सरासरी सव्वा छर्रा. या एका हिशेबात ट्रॅपचा सगळा कठोरपणा आहे. वर्तुळाच्या कडेला क्ले सापडली तर ती न फुटताही निघून जाते. फुटते ती मध्याच्या दाट भागात. म्हणून ट्रॅपला आवळ चोक आणि म्हणूनच घरचा तो ठिपका.

नळ्यांचा क्रम: पहिला बार खालच्या नळीतून, तीत पाऊण चोक, दुसरा वरच्या नळीतून, तीत फुल. खालची नळी खांद्याच्या रेषेला जवळची असल्याने धक्का सरळ मागे येतो, तोंड कमी उसळतं आणि दुसऱ्या बाराला क्ले नजरेतून सुटत नाही.

काडतुसं घेताना डब्यावरचे तीन आकडे वाचा: छर्ऱ्याचं वजन, छर्ऱ्याचा आकार, खोळीची लांबी. आंतरराष्ट्रीय नियमांत वजन २४ ग्रॅमच्या वर आणि छर्रा अडीच मिलिमीटरहून जाड चालत नाही. रानडुकरासाठी येणारी जड काडतुसं घरात आहेत म्हणून त्यांवर सराव करू नये. धक्का जास्त, छर्रे मोजके, आणि चार-पाच डबे संपेपर्यंत चाप ओढण्याआधी डोळे मिटायची सवय लागलेली असते. ती सुटायला फार काळ जातो. ७० मिलिमीटरचं काडतूस ६५ मिलिमीटरच्या जुन्या नळीत घालणं तर धोक्याचं. बंद बसतं, पण उघडलेल्या खोळीचं तोंड पुढच्या चिंचोळीत शिरतं आणि दाब वाढतो.

रेंजवर सकाळ बरी. दुपारनंतर खारं वारं सुटलं की क्लेची उंची बदलते. समोरून वारा आला तर क्ले वर उचलली जाते, पाठीमागून आला तर दबते. आधीच्या गटाच्या चार-पाच क्ले नीट पाहून घेतल्या की दिवसाचा कल समजतो. चष्मा आणि कानातले बोळे अनिवार्य. बंदूक आपल्या जागेवर पोचेपर्यंत उघडी आणि रिकामी. काडतुसं आपली पाळी आल्यावरच आत जातात.

गट सहा जणांचा. पाच जण पाच जागांवर, सहावा पहिल्या जागेच्या मागे. बार झाला की उजवीकडचा नेमबाज आपला बार संपवेपर्यंत जागा सोडायची नाही. पाचव्या जागेवरचा मात्र लगेच निघतो आणि मागून पहिल्या जागेकडे चालू लागतो. आधीच्याचा निकाल लागल्यापासून १२ सेकंदांत क्ले मागायची असते. बारा सेकंद बरेच असतात, घाई करू नये. क्रम ठरलेला असावा: पाय, काडतुसं, बंदूक बंद, खंदकाच्या छतावरची खूण, गाल, खांदा, एक श्वास, मग हाक. नळीचं तोंड त्या खुणेच्या किंचित वर. डोळे मात्र नळीवर नकोत. खंदकाच्या पलीकडे दहा-पंधरा मीटरवर, सैल नजरेने. क्ले आधी एक रेघ म्हणून दिसते, मग बशी म्हणून. रेघेकडे बंदूक झेपावली तर दिशा चुकते. बशी दिसली की हलायचं. बार बहुधा हाकेनंतर पाऊण सेकंदाच्या आत-बाहेर निघतो, तेव्हा क्ले नेमबाजापासून ३३ ते ३५ मीटरवर असते. छर्ऱ्यांना तिथवर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि कोनातली क्ले तेवढ्यात मीटरभर बाजूला सरकते. हे अंतर मोजून द्यायचं नसतं. क्लेच्या मागून येऊन, तिला ओलांडून, झोक चालू असतानाच चाप. झोक थांबवून मीटर मोजणाऱ्याचा बार हमखास मागे पडतो.

क्लेचा डोळ्यांना दिसेल असा एक तुकडा उडाला की ती लागली. नुसती धूळ उडाली तर नाही. बार निघालाच नाही तर बंदूक उघडायची नाही. तोंड मैदानाकडे ठेवून पंचाला सांगायचं. उशिरा पेट घेणारं काडतूस उघड्या बंदुकीत फुटलं तर जायबंदी होतं ते माणूस.

चुकांचं निदान बहुतेक वेळा शरीरावरच लिहिलेलं असतं. दंडावर काळंनिळं झालं तर गादी खांद्याच्या खोबणीत नव्हती. गालाचं हाड दुखतंय तर गाल दस्त्याला भिडलेला नव्हता, मागून आदळला. मधल्या बोटाला चापाच्या कड्याचा मार बसतोय तर पकड सैल आहे किंवा दस्ता आखूड. सरळ क्ले वरून चुकतात तेव्हा डोकं उचललं गेलेलं असतं. आपण फुटलेली क्ले पाहायला घाई करतो. एकाच बाजूच्या क्ले चुकतात तेव्हा पाय पाहा. उजव्या खांद्याच्या माणसाचे पाय फार डावीकडे वळलेले असले तर उजवीकडच्या क्लेला कंबर अडते, मग हात पुढचं काम करतात आणि पट्टी कलते. पाचव्या जागेवर हे जास्त दिसतं. दुसऱ्या बाराने फुटणाऱ्या क्ले जास्त होऊ लागल्या तर पहिला बार उतावीळ झालाय. आणि घाम. मे महिन्यात गाल लाकडाला चिकटतो, डोकं न हलवताही बंदूक गालाला ओढते. कोंबवर मऊ कापडी पट्टी चिकटवली की हा त्रास जातो.

संध्याकाळी घरी आल्यावर बंदूक त्याच दिवशी साफ झाली पाहिजे. गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत घामाच्या बोटांचा ठसा रात्रीत गंजाचा डाग होतो. नळ्या काढायच्या. शिसं आणि प्लास्टिकचा थर सर्वांत जास्त चेंबरपुढच्या (काडतूस बसतं त्या जागेपुढच्या) उतारावर आणि चोकपाशी बसतो. द्रावण लावून दहा मिनिटं ठेवायचं, मग कांस्याच्या तारांचा ब्रश, मग कापडाचे तुकडे पांढरे निघेपर्यंत. चोक दर वेळी काढायचा, आटे पुसायचे, चोकचं ग्रीस बोटाने लावायचं. महिनाभर तसाच राहिलेला चोक अडकला तर पाना घसरून तोंडाची खाच मोडते. तेव्हा जोर करू नये. भेदक तेल घालून रात्रभर नळीचं तोंड खाली करून ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी प्रयत्न करावा.

तेलाचा पातळ हात पुरतो. जास्तीचं तेल दस्त्याच्या मनगटात उतरतं आणि लाकूड मऊ पडतं. म्हणून कपाटात बंदूक तोंड खाली करून ठेवतात. खोबरेल तेल घरात मुबलक असलं तरी बंदुकीला लावू नये. २४ अंशांच्या खाली ते गोठतं. डिसेंबरच्या पहाटे किंवा थंड गाडीत इजेक्टर, म्हणजे रिकामी खोळ बाहेर फेकणारा भाग, जड चालतो तो त्यामुळे. पावसात भिजलेल्या बंदुकीत पाणी पट्टीच्या खाली आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडामागे साठतं. कापडाने टिपायचं, पंख्याखाली वाळवायचं, उन्हात नको. पाणी हटवणारा फवारा चालतो, पण तो पुसून वर खरं तेल द्यायचं. स्पंजाच्या अस्तराच्या पेटीत बंदूक कायमची ठेवणं म्हणजे ओल्या टॉवेलात गुंडाळणं, पेटी प्रवासापुरती. कपाटात सिलिका जेलचे पुडे, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत. काडतुसांना घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. बुडाला गंज चढलेलं काडतूस चेंबरमध्ये अडकतं, ते सरावालाही घेऊ नये. शिशाचे हात धुतल्याशिवाय खाणं नाही आणि साफसफाई स्वयंपाकघरात नाही.

दिल्लीच्या डॉ. करणीसिंह रेंजला जायचं असेल तर विमान कंपनीला आधी कळवा आणि दाबोळी किंवा मोपाला नेहमीपेक्षा दोन तास आधी पोचा. बंदूक रिकामी, कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळी. काडतुसांची सर्वसाधारण मर्यादा पाच किलो. २४ ग्रॅमचं एक काडतूस ३७-३८ ग्रॅम भरतं, म्हणजे २५चे पाच डबे कसेबसे बसतात. १२५ क्लेच्या सामन्यात दुसरे बार धरून तेवढी पुरत नाहीत, उरलेली तिथेच घ्यायची सोय आधी करून ठेवावी लागते. परवान्यावरची मर्यादा त्यातही मोजली जाते.

वहीत प्रत्येक फेरीची पाच घरं आखा आणि चुकलेल्या क्लेपुढे दोनच खुणा करा: क्ले कुठे गेली, आणि बार कितवा. चार फेऱ्यांनंतर एखादं घर भरलेलं दिसतं. पुढच्या आठवड्यात भिंतीवरचा ठिपका त्याच बाजूला, त्याच कोनात चालवायचा.